करडईच्या तेलाचा हात

सांगलीत कृष्णेच्या घाटाकडं उतरणाऱ्या रस्त्यावर आकाराम मिस्त्रीचं पत्र्याचं वर्कशॉप होतं. सेहेचाळीस सालच्या मार्गशीर्षात धनपाल अण्णांची मोटार तिथं बॉनेट उघडून उभी होती. लष्कराच्या लिलावातली गाडी. इंजिन अजून खणखणीत, पण आतल्या लोखंडी भागांचा रंग उष्णतेनं पोपडे धरून गळलेला. वरचं झाकण, हवेच्या गाळणीचा डबा, बॅटरीची चौकट, चार पट्ट्या. आकारामनं सगळं खरवडून गोणपाटावर मांडलं होतं.

"निकेल चढवू या का?" अण्णांनी विचारलं. "चकचकीत दिसंल."

"दिसंल की. पण खाली गंज धरला की पापुद्रा उचलतोय. आन् रंगाचं तुमी बघितलंच. पाचगणीचा घाट चार येळा चढला, संपला." आकारामनं खरवडलेलं झाकण हातात घेतलं. "तव्यासारखं काळं करतो. तेल जाळून."

"ते तर अंबूबाई करायची रं."

"व्हय."

ही युक्ती आकारामच्या बायकोचीच. नवऱ्याला रंग खरवडताना बघून ती एकदा म्हणाली होती, "आवं, रोजच्या तव्याला कोन रंग लावतं? गंजतोय का त्यो?" मग नवा तवा तयार करतात तसंच तिनं केलं. लोखंड तापवायचं, अर्धा कांदा करडईच्या तेलात बुडवून घासायचा, पुन्हा तापवायचं. असे सात हात. तिचा काळा रंग तेलकट नसे आणि कोरडाही नसे. बोट फिरवलं तर जांभळाच्या सालीवरून फिरल्यासारखं वाटे. ठोकणं, वाकवणं आकारामचं. शेवटचा हात तिचा. श्रावणात विषमज्वरानं ती गेली आणि तेव्हापासून त्याला एकही नग साधला नव्हता. हाही साधला नाही तर तिची विद्या तिच्याबरोबरच गेली, असं त्यानं मनाशी धरलं होतं.

"पर कांदा न्हाई ना लावणार?" अण्णा म्हणाले. "आमी जैन मानसं. आमच्या आईच्या नाकाला कळलं, तर म्हातारी मोटारीत पाय ठेवायची न्हाई. मलाबी चालत न्हेईल."

आकाराम बऱ्याच दिवसांनी हसला. "न्हाई लावत. शब्द दिला. चिंधीनं करतो."

चिंधीनं तेल जाड बसलं. चिकट झालं, डाग पडले. तीनदा त्यानं सगळं खरवडून काढलं. चौथ्या दिवशी झाकणाला एक पातळ हात दिला, ते भट्टीजवळ विटेवर ठेवलं, दाराला आतून कडी घातली आणि मागच्या खोलीत भाकरी खायला गेला.

परत आला तेव्हा झाकण फळीवर होतं. त्यानं ते खिडकीशी नेऊन तिरकं धरलं. एका हाताचा काळा आणि सात हातांचा काळा यांतला फरक त्याला कळत होता. हा सात हातांचा होता. कडेला, खिळ्याच्या भोकांत, कुठं म्हणून थेंब साचला नव्हता. तो कितीतरी वेळ नुसता बघत राहिला. दाराची कडी तशीच होती.

मग वास आला. घरात आठ दिवस कांदा आणलेला नव्हता.

दुसऱ्या सकाळी तो गाळणीचा डबा समोर घेऊन बसला. काही झालं नाही. शेवटी भाता ओढायला वळला आणि पाठीमागं आवाज सुरू झाला. लोखंडावर काहीतरी ओलं घासल्याचा. हलका, सावकाश.

मान वळवावी असं फार वाटलं. पण अंबूला कुणी बघत बसलेलं खपत नसे. "तुमी बगत बसला की माजा हात चुकतोय," म्हणायची.

तो भाता ओढत राहिला. वास वाढला.

"अंबू," तो न वळता म्हणाला, "कांदा नगं. अण्णांना शब्द दिलाय. कापडानं कर."

आवाज थांबला.

त्यानं झाकण आणि डबा घेतला आणि तो काळा रंग स्वतःच्या हातानं खरवडून काढला. असं काम त्यानं आयुष्यात खरवडलं नव्हतं. मग सगळे भाग फळीवर मांडले आणि पाठ फिरवली.

बराच वेळ काही नाही. आपण तिला दुखावलं, असं त्याला वाटलं.

मग पुन्हा सुरू झालं. आता आवाज मऊ होता. कांद्याचा वास नव्हता.

दिवस कलेपर्यंत त्यानं भाता ओढला.

दुसऱ्या दिवशी अण्णा आईला घेऊनच आले. आक्काताईंनी बॉनेटमध्ये वाकून वास घेतला. झाकणावर सुरकुतलं बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं.

"कुनाचा हात रं ह्यो?"

"आमच्या घरातलाच, आक्का."

"लय गुणाचा हाय," म्हातारी म्हणाली आणि मोटारीत जाऊन बसली.

आकारामला तिच्याकडं बघवेना. खाली मान घालून तो शेवटची पट्टी आवळायला लागला. पट्टीच्या खाचेत एक धागा अडकलेला होता, तेलानं भिजलेला. त्यानं चिमटीनं ओढून काढला.

हिरवा.

त्याच्या वर्कशॉपात सगळ्या चिंध्या जुन्या धोतराच्या. हिरवं लुगडं त्यानं जन्मात एकच विकत आणलं होतं, श्रावणात, घाईनं. सवाष्ण गेली म्हणून तेच नेसवून तिला घाटावर अग्नी दिला होता.

त्यानं धागा उजेडात धरला. कुठंही जळल्याची खूण नव्हती.