आळ्यातलं मीठ

"ह्यो खूनच समजा, सायेब," बाळासो म्हणाला आणि त्यानं परसातल्या वाळलेल्या वांग्यांकडं बोट दाखवलं.

साताऱ्याहून पलूसपर्यंत हंबीररावांची गाडी हाकत आलेल्या त्यांच्या मदतनिसाला, नानासोंना, हसू येणार होतं. भाजीपाल्यासाठी गुप्तहेर! पण बाळासोचा चेहरा बघून त्यांनी ते गिळलं. ही वांगी, ही भेंडी त्याच्या धाकट्या भावानं, अमृतनं, जूनच्या रजेत लावली होती. रजा संपवून तो सीमेवर गेला आणि महिन्याभरात पेटीतून परत आला.

मिलिटरी पोलिसांतून निवृत्त होऊन गुप्तहेर झालेले हंबीरराव रोपांपाशी उकिडवे बसले. पानांच्या कडा करपलेल्या, पण पानं स्वच्छ. पांढरा पापुद्रा होता तो फक्त बुडाशी, आळ्यात. त्यांनी चिमूटभर माती जिभेला लावली.

"मीठ."

"आन् टाकलं कुणी तेबी ठावं हाय. अमृतच्या बायकोनं, सोनमनं. तिच्या खोलीत मिठाच्या रिकाम्या पिशव्या घावल्या. कबूलबी झाली, पण का केलं ते सांगंना. गोगलगाय आन् पोटात पाय! उद्या तिला म्हायेरी धाडणार हाय. आईच आडवी पडली, खात्री झाल्याबिगर पोरीला हलवायचं न्हाई म्हणती. म्हणून तुमाला बोलावलं."

तेवढ्यात त्याची आई, रंगुबाई, पाण्याचा तांब्या घेऊन आली. मोतीबिंदूनं तिचे डोळे धुरकटले होते. हंबीरराव हात धुवायला मोरीकडं वळले, तशी ती म्हणाली, "आवं, तितं नगं. हितं कडीपत्त्याच्या बुडात धुवा. पाणी वाया घालवू न्हाई."

आटपाडीकडच्या दुष्काळी माळावर मेंढरांमागं तिचा जन्म गेला होता. कृष्णेच्या पाण्यावर येऊन दहा वर्षं झाली, तरी सवय तीच.

शेजारच्या सयाजीचं कोंबड्यांवरून या घराशी वाजलं होतं. हंबीररावांनी विचारताच तो भडकला. "भांडलो की! पण राग काढायचा तर उपटून फेकली असती. एकेका रोपाला मीठ चारत कोण बसतंय? अमृत माझ्या मांडीवर खेळलेला, सायेब."

सोनम वाफ्यातलं ओलं गोणपाट उचलत होती. खाली चिकट, बिनशंखाच्या गोगलगायींचा गोळा जमला होता. ती त्या चिमट्यानं डब्यात वेचत होती.

"गुळाच्या पाण्यात भिजवलंय," ती म्हणाली. "वासानं रातीत गोळा हुत्यात."

"कधीपासून करतेस?"

"झालं पंधरा दिस. आधी मीठ वापरायची."

"मग मीठ का सोडलंस?"

तिनं डब्याचं झाकण दाबून बसवलं. "मीठ मीच टाकलं. तसंच लिवून घ्या."

"संपलं की!" नानासो कुजबुजले.

"ज्या बागेचा जीव घेतला, तिच्यासाठी कुणी गोगलगायी वेचत बसतं का, नानासो?" हंबीरराव मोरीजवळच्या बादलीत डोकावत होते. आत पांढरी रेघ उठली होती. "आणि परसात जगलंय काय, ते बघा."

नानासोंनी बघितलं. कडीपत्ता, आणि गोठ्याच्या पत्र्यावर डब्यात लावलेला घेवडा. बाकी सगळं गेलं होतं.

हंबीररावांनी बाळासोला आणि सोनमला गोठ्याशी बोलावलं. "मीठ फेकलं असतं तर पानांवर पडलं असतं. ते पाण्यातून गेलं, थेट आळ्यात, बेतानं. वैरी असं करत नाही, बाळासो. असं माया करणारं माणूस करतं. सोनम गोगलगायी वेचून मिठाच्या पाण्यात बुडवायची, मग त्या काढून पुरायची. बादली मोरीपाशी राहायची. कडीपत्त्याला हात धुतलेलं पाणी मिळतं, म्हणून तो वाचला. ज्याला पाणी ओतून देववत नाही, बादलीत काय आहे ते दिसत नाही आणि पत्र्यापर्यंत ज्याचा हात पोचत नाही, असं या घरात एकच माणूस आहे."

"आई?" बाळासो घराकडं वळला.

"हे सोनमला पंधरा दिवसांपूर्वी कळलं. त्याच दिवशी मीठ बंद झालं आणि गूळ आला. खरं ना?"

सासूला आत्या म्हणणाऱ्या सोनमचे डोळे भरून वाहू लागले. "आत्या एकेका रोपाला पाणी घालत हुत्या. म्हणत हुत्या, 'पी माझ्या अमृता, पी.' कसं सांगू त्यास्नी? मला म्हायेर तरी हाय. त्यास्नी ह्या रोपांबिगर काय हुतं?"

मागं कपबशा खळकन फुटल्या. चहा घेऊन आलेली रंगुबाई दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

ती वाळलेल्या वांग्यापाशी गेली, तिथंच बसली आणि मातीवरून हात फिरवत राहिली. रडली नाही. नानासोंनाच बघवेना. त्यांनी तोंड फिरवून रुमाल काढला.

"सोनम," रंगुबाई म्हणाली, "तू कुठं जायाची न्हाईस."

बाळासोनं पत्र्यावरचा घेवडा खाली उतरवून आईपुढं ठेवला. दोन शेंगा लागल्या होत्या.

सोनमनं हौदातून तांब्या भरून आणला. रंगुबाईनं तो घेतला, पण ओतला नाही. तिनं आधी पाण्यात बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. पुन्हा बुडवलं, पुन्हा लावलं.

"ग्वाड हाय आत्या," सोनम म्हणाली. "घाला."