बसमधला दुसरा कंडक्टर

रॉचडेलहून हॅलिफॅक्सला जाणारी आमची बस डोंगरमाथ्यावर बर्फात रुतली, तेव्हा दुपारचे तीनही वाजले नव्हते, आणि तरी खिडकीबाहेर काहीच दिसत नव्हतं. नुसतं पांढरं... आणि त्या पांढऱ्यात घोंघावणारा वारा. ड्रायव्हर फावडं घेऊन खाली उतरला आणि थोड्या वेळानं कान चोळत परत आला. बर्फ काढणारी गाडी खालून येईल तेव्हा येईल, म्हणाला, तोवर बसून राहा.

मी पुढच्या बाकावर होते. पाय गारठून लाकूड झाले होते. मागे कोणाचं तरी लहान मूल रडत होतं, आणि त्याची आई त्याच्याहून जास्त घाबरली होती. तेवढ्यात मागच्या बाकावरून एक उंच, काटकुळा तरुण उठला. गळ्यात मफलर, कपाळावर केसांचं जंगल. दांड्याला धरून तो मधल्या वाटेत उभा राहिला आणि म्हणाला, "मंडळी, गाऊया का? गाण्यानं ऊब येते. मला ठाऊक आहे, मी कंडक्टर आहे."

तिकिटं फाडणारे क्लेगकाका ताडकन वळले. "कंडक्टर मी आहे," ते म्हणाले, आणि गळ्यातलं तिकिटाचं यंत्र त्यांनी पुरावा म्हणून वाजवून दाखवलं.

सगळी बस हसली. तो तरुणही हसला. "तुम्ही पहिले, काका. मी दुसरा, हातांनी इशारे करून माणसांना गायला लावणारा कंडक्टर. तुमचा आवाज खर्जातला दिसतोय, तुम्ही माझ्या उजव्या हाताला या."

आणि गंमत म्हणजे क्लेगकाका गेले.

त्यानं सगळ्यांना पाठ असलेलं चर्चमधलं एक जुनं स्तोत्र निवडलं. म्हाताऱ्यांना खालचे सूर दिले, भाजीची पिशवी घेऊन बसलेल्या बायकांना वरचे. मीही ओठ हलवू लागले. शाळेत मिस फर्थनी मला सांगितलं होतं, 'थेल्मा, तू नुसते ओठ हलव, बाकीच्या गातील.' तेव्हापासून मी ओठच हलवत आले होते. चर्चमध्ये, लग्नांत, वडिलांच्या दफनालासुद्धा. आजवर कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

तो माझ्यासमोर येऊन थांबला.

"तुमचे ओठ छान गातात," तो हळूच म्हणाला. "आता तुम्ही कधी गाणार?"

माझे कान तापले. "मला गाता येत नाही."

"कोण म्हणालं?"

"ज्यांना कळतं ते."

"मग मला कळत नाही असं समजा." तो खाली वाकला आणि माझ्या कानाशी एक सूर गुणगुणला. फार वर नाही, फार खाली नाही. "हा एवढाच धरा. सोडू नका. बाकी सगळं आम्ही तुमच्याभोवती करतो."

मी तो सूर धरला. आधी भीतभीत, मग जरा मोकळ्यानं... आणि त्यानं हात वर केले. लांब, हडकुळे हात, बाहीतून मनगटाबाहेर आलेले. ते खाली आले आणि बस गाऊ लागली. क्लेगकाकांचा खर्ज माझ्या पायांखालून गेला, बायकांचे आवाज डोक्यावरून. आणि मधे मी होते, माझा एकच सूर घेऊन. तो कोणाला नकोसा नव्हता! उलट सगळे येऊन त्याला टेकत होते. बाहेर वारा होता की नव्हता, मला कळेना. रडणारं मूल गप्प होऊन त्या माणसाच्या हातांकडे बघत होतं, आणि मीही तेच करत होते.

बर्फाची गाडी आली तेव्हा आमच्यातल्या कोणालाच घाई नव्हती.

त्याचं नाव आयव्हर हॉल्रॉइड, हे मला नंतर कळलं. वडील गालिच्यांच्या गिरणीत. हा ऑर्गनच्या पायपट्ट्यांपर्यंत पाय पोचत नव्हते तेव्हापासून गावातल्या छोट्या चर्चमध्ये, चॅपलमध्ये, ऑर्गन वाजवायचा. मँचेस्टरला संगीत शिकला, मुलांच्या शाळेत शिकवू लागला. आमच्या गावाच्या गायनमंडळाचे म्हातारे संचालक आजारी पडले म्हणून तात्पुरता त्यांच्या जागी आला होता. हे सगळं मला आमच्या सलूनमधल्या बायकांनी सांगितलं. मी मिसेस ऑग्डनच्या सलूनमध्ये केस कापायचे, आणि केस सुकवायच्या टोपाखाली बसलेल्या बाईला गावातलं सगळं ठाऊक असतं.

एका मंगळवारी तोच दारातून आत आला. टोपांखालच्या चारही माना एकदम वळल्या. हातात गायनमंडळाचं पत्रक होतं. खिडकीत लावाल का, विचारत होता. विचारत होता मिसेस ऑग्डनला, बघत होता माझ्याकडे.

"अल्टो कमी आहेत आमच्याकडे," तो म्हणाला. "म्हणजे बायकांचे खालचे आवाज. बसमध्ये एक ऐकला होता, तो शोधत फिरतोय."

"त्या आवाजाला एकच सूर येतो," मी म्हटलं.

"दुसरा मी शिकवीन."

"आधी केस कापून या. लोकांना तुमचे डोळे तरी दिसू देत."

"समोरचा न्हावी कात्री चालवताना राजकारण बोलतो. मला भीती वाटते."

मिसेस ऑग्डन मधे पडल्या. सलून बायकांचं आहे, त्या म्हणाल्या, पण बंद झाल्यावर त्यांना काही दिसत नाही.

मग संध्याकाळी, दारावरची पाटी उलटी फिरवून, मी त्याचे केस कापले. तो आरशासमोर शहाण्यासारखा बसला होता. बोटांत त्याचे केस, मऊ, ओलसर... मानेवरून कात्री फिरली की त्याचा श्वास अडायचा. माझाही. त्यानं मला आपल्या रचनेबद्दल सांगितलं. बरीच वर्षं ती डोक्यात होती, पुरी होत नव्हती. वाद्यं नाहीत, फक्त माणसांचे आवाज.

"वाद्यं का नाहीत?"

"वाद्याला श्वास घ्यावा लागत नाही," तो म्हणाला. "शंभर माणसं एकदम श्वास घेतात ना, गाण्याआधी... मला सगळ्यात जास्त ते आवडतं."

आरशात त्याची नजर माझ्या नजरेला भिडली. मी पटकन त्याच्या कानामागे बघू लागले.

मी गायनमंडळात गेले. दुसरा सूर शिकले, मग तिसराही. तालमीला गिरणीतले रंगारी निळ्या नखांनी कागद धरून उभे असत. बँकेतले साहेब त्यांच्या शेजारी उभे राहत, शिक्षिका असत, खाटीक असे. आयव्हर कोणावर ओरडत नसे. चुकलं की आमच्याकडे असा बघायचा, की जणू आम्ही त्याला भेट आणली होती आणि वाटेत विसरून आलो. पुढच्या वेळी आम्ही ती आणतच असू. तालमीनंतर तो मला घरापर्यंत सोडायचा. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते मला आठवत नाही. पहिल्यांदा त्यानं माझा हात धरला तेव्हा मासे तळणाऱ्याच्या दुकानासमोर आम्ही रांगेत उभे होतो, एवढं आठवतं.

वसंतात टाऊन हॉलमध्ये ती रचना झाली. मी दुसऱ्या ओळीत होते. त्यानं हात वर केले आणि आम्ही सगळ्यांनी श्वास घेतला. तेव्हा मला कळलं तो काय म्हणत होता. तो श्वास म्हणजे मोठ्या जनावरानं झोपेत कूस बदलावी तसा होता. मग आवाज उठला. तो आमच्यातूनच निघत होता, पण आमचा नव्हता. वर छताशी जाऊन तो उघडला, आणि ज्या लोकांना मी रोज बाजारात बघते त्यांचे चेहरे मला ओळखू येईनात. शेजारची मिसेस लॉर्ड गाता गाता रडत होती आणि तिचा सूर ढळत नव्हता. मी आयव्हरकडे बघितलं. हा माझा होता? मासेवाल्याच्या रांगेत तळलेल्या माशावर व्हिनेगर जास्त मागणारा? मला त्याची जराशी भीती वाटली. डोंगराच्या कड्यावर उभं राहिल्यावर वाटते तशी.

शेवटचा सूर विरला.

त्या रात्री प्रेक्षकांत लंडनचे एक गृहस्थ होते. रेडिओवर गाणाऱ्या एका मोठ्या गायनवृंदाला संचालक हवा होता. आठवड्याभरात बोलावणं आलं. आयव्हर माझ्याकडे आला तेव्हा आनंदी नव्हता. आम्ही कालव्याच्या काठानं चालत राहिलो.

"तू थांब म्हण," तो म्हणाला. "मी थांबतो."

मी काय म्हणणार होते? मी त्या हॉलमध्ये त्याच्यासमोर उभी राहून गायले होते. ते हात आमच्या गावापुरते ठेवायचे, हे माझ्याच्यानं झालं नसतं.

"जा," मी म्हटलं.

त्यानं मान खाली घातली. 'चल' असं तो म्हणाला नाही, आणि 'येऊ का' असं मी विचारलं नाही. दोघंही त्या एका शब्दापाशी अडखळलो. निघायच्या दिवशी गाडीच्या खिडकीतून तो हात हलवत राहिला, मी फलाटावर... आणि मला वाटलं, झालं. एवढंच होतं.

सुरुवातीला त्याचे फोन यायचे. मग कमी झाले. वर्तमानपत्रात त्याचं नाव येऊ लागलं, आणि सलूनमधल्या बायका ते पान माझ्यापुढून हळूच दूर करू लागल्या. मिसेस ऑग्डन निवृत्त व्हायचं म्हणत होत्या. सलून माझ्यावर सोपवायचं त्यांच्या मनात होतं. मीही हो म्हणाले होते.

शरदातल्या एका गुरुवारी दुपारी त्याचा कार्यक्रम रेडिओवर थेट होता. चार टोप एकदम घुरघुरत होते. निवेदकानं त्याचं नाव घेतलं, आणि पुढचं मला ऐकू येईना. मी सरळ जाऊन भिंतीवरची बटणं बंद केली. सगळे टोप गप्प झाले. डोक्याला चिमटे लावलेल्या, अर्ध्या ओल्या केसांच्या चार बायका माझ्याकडे बघत राहिल्या.

नवी रचना होती. तेच श्वास घेणं, तोच उघडत जाणारा आवाज, पण अधिक खोल, अधिक एकटा. मी हातात कंगवा धरून उभी होते. इतकं सुंदर काही एखाद्याला जमतं, आणि त्याला घरी जाऊन सांगायला कोणी नाही, हे मला त्यात स्पष्ट ऐकू आलं. कसं ते सांगता येणार नाही. पण आलं.

संपलं तेव्हा मिसेस ऑग्डननी डोळे टिपले आणि माझ्या हातातून कंगवा काढून घेतला. "पोरी," त्या म्हणाल्या, "सलून मी आणखी चालवीन. तू इथे काय करतेस?"

शनिवारी मी लंडनची गाडी धरली.

एका जुन्या चर्चमध्ये आयव्हरच्या गायनवृंदाची तालीम चालली होती. मी मागच्या खांबाशी उभी राहिले. त्याच्या गळ्यानं संप पुकारला होता. तो एक शब्द बोलू शकत नव्हता. नुसत्या हातांनी तालीम घेत होता. बोट हलवलं की एक बाजू मंदावायची, तळवा उघडला की दुसरी फुलायची. सराईत, मानधन घेऊन गाणारी माणसं, पण तोंडं आमच्या रंगाऱ्यांसारखीच, भारावलेली.

चहाची सुट्टी झाली. तो वळला आणि त्यानं मला पाहिलं. कप हातात घेऊन तो जागीच थांबला. ओठ हलले, आवाज नाही.

"बोलू नकोस," मी म्हटलं. "तू कालव्यावर चल का म्हणाला नाहीस?"

त्यानं घशातून काहीतरी खरवडलं. "तू... जा म्हणालीस."

"म्हणाले. चुकले नाही. पण अर्धंच बोलले." मी मोठा श्वास घेतला. "आयव्हर, मला तुझ्याबरोबर राहायचंय. जिथे असशील तिथे. लग्न करशील माझ्याशी? नुसती मान हलव."

त्यानं कप बाकावर ठेवला, तो कलंडला, चहा सांडला. मग ते लांब हात पुढे आले, आणि ज्या हातांनी आत्ता एवढा मोठा आवाज पेलला होता, त्यांनी माझा चेहरा असा धरला की मला श्वास घेण्याचंच भान राहिलं नाही. मान हलवायला तो साफ विसरला.

मी वाट बघत राहिले. गाणारे सगळे कप हातात धरून आमच्याकडे बघत होते.

शेवटी वरचे सूर गाणाऱ्या सोप्रानोंच्या रांगेतली एक उंच बाई बिस्कीट खाता खाता म्हणाली, "तो हो म्हणतोय, बाई. आम्ही रोज बघतो ते हात. इतकं मोठं 'हो' आम्हाला अजून कधी मिळालं नव्हतं."