तुपाच्या ज्योतीची तक्रार

"अगं बाई, हे तर तूप आहे!"

परक्या घराच्या देवघरासमोर, मिट्ट अंधारात, मी हे चक्क मोठ्याने बोलले. तेही मराठीत. आजूबाजूला वीसेक जपानी माणसं हूं की चूं न करता उभी होती. त्यामुळे माझा आवाज पार तळघराच्या टोकापर्यंत गेला असणार.

आणि मागून कुणीतरी कुजबुजलं, "हळू बोला... तेल आहे ते."

तेही मराठीत!

तोक्योत, तोयोसुच्या एका उंच इमारतीखाली, दोन मजले खोल, ते प्रदर्शन लागलं होतं. रोम शहराच्या पोटात सापडलेलं दोन हजार वर्षांपूर्वीचं घर, त्याची हुबेहूब प्रतिकृती. आधी नुसत्या पडक्या भिंती दिसतात आणि पायाखालच्या काचेतून रंगीत खड्यांची फरशी. मग दिवे मालवतात, आणि वरून प्रकाश उतरतो. भिंतींवरची चित्रं भरत येतात, कोरड्या हौदात पाणी चमकतं, कुठूनशी भांडी वाजतात. शेवटच्या खोलीत भिंतीत एक कोनाडा आहे. त्या घरातल्या माणसांचं देवघर. तिथे एक दिवा लागतो, नुसत्या प्रकाशाचा.

मी वळून पाहिलं. काळं जॅकेट, गळ्यात ओळखपत्र, आणि हसू दाबता दाबता बारीक झालेले डोळे.

"तेल?" मी म्हटलं. "तेलाची ज्योत अशी कळीसारखी सरळ उभी राहते होय? ही निरांजनातली फुलवात आहे. तेलाची वात आडवी असते, ज्योत डुलते, काजळी धरते."

"पण रोममध्ये निरांजन कुठलं?"

"तेच तर म्हणतेय मी!"

त्याची नजर खाली गेली. हळूच म्हणाला, "तुमचे बूट कुठे आहेत?"

मी खाली पाहिलं. पायात नुसते मोजे! देवघर दिसलं आणि खोलीच्या उंबऱ्यात बूट कधी काढले, माझं मलाच कळलं नव्हतं. आता गर्दी पुढे सरकलेली, आणि जमिनीवर बाण. जपानात बाणाच्या उलट जायचं म्हणजे केवढं पाप! पण तो गेला. समोरून येणाऱ्या प्रत्येकाला वाकून नमस्कार करत, "सुमिमासेन, सुमिमासेन" म्हणत गेला, आणि पावसात भिजलेले माझे बूट हातात घेऊन आला. माझ्यासमोर ठेवले, इथल्या पद्धतीने, पाय सरळ आत जातील असे.

"तीन आठवड्यांत बूट काढणाऱ्या तुम्ही पहिल्याच," तो म्हणाला, आणि एका दारातून आत गेला. मी आभार मानायचंसुद्धा विसरले.

आता माझ्याबद्दल सांगते, म्हणजे पुढचं कळेल. मी ज्ञानदा. पुण्याची, राहते ओजिमाला, तोयोसुच्या एका ऑफिसात सॉफ्टवेअर तपासते. म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढते आणि त्याचा पगार घेते. आई म्हणते, हिला स्वतःच्या लग्नातल्या अक्षतांमध्येही खडे सापडतील. कौतुक करायची वेळ आली की माझी जीभ टाळ्याला चिकटते. चूक दिसली, की बघायलाच नको.

तेव्हा बाहेर पडताना मिळालेलं अभिप्रायाचं कार्ड मी काय सोडते! समाधानाच्या पाच पायऱ्या होत्या, मी मधल्या 'साधारण'ला गोल केला. 'आवडलेली गोष्ट' हा रकाना कोरा ठेवला. 'सुधारणा'खाली मोडक्यातोडक्या जपानीत लिहिलं: 'देवघरातली ज्योत तुपाची आहे. रोमन लोक ऑलिव्हचं तेल जाळत. कृपया तपासावं.'

आपल्याकडे असलं कार्ड थेट कचऱ्यात जातं. इथे त्यावर मीटिंग होते. मग बाहेरच्या फळ्यावर 'ग्राहकांचा आवाज' या पाटीखाली ते कार्ड आणि त्याचं उत्तर शेजारी शेजारी टाचतात, सगळ्या जगाला वाचायला.

पुढच्या शनिवारी मी पुन्हा गेले. फक्त उत्तर बघायला हं, असं मी विभाला सांगितलं. विभा माझ्या खोलीत राहते, आणि माझं काहीही खरं मानत नाही.

उत्तर होतं. वर जपानीत अतिशय नम्र माफी. आणि खाली पेन्सिलीने, देवनागरीत:

'तूपच आहे. तेल लावून पाहिलं होतं, पण धुराने अलार्म वाजला आणि कावासाकीतली आमची अख्खी इमारत रस्त्यावर उतरली. मग आईने पाठवलेलं तूप लावून चित्रण केलं. तुमच्या कार्डावर चाळीस मिनिटं मीटिंग झाली, माझी यथास्थित पूजा झाली. समाधान झालं असेल, तर बूट घालून आत यावं. — अंबरीष.'

मी फळ्यासमोर एकटीच खो खो हसत सुटले. तिकिटाच्या खिडकीतल्या सातो-सानसुद्धा तोंडावर हात धरून हसल्या.

तो आतच होता. त्याच्या कंपनीने प्रदर्शनाच्या प्रकाशाचं काम घेतलं होतं, आणि दिवा याच्या वाट्याचा.

"आता काय करणार?" मी विचारलं.

"तेलाचा दिवा लावून पुन्हा चित्रण. पण घरमालक मला काड्यापेटीला हात लावू देत नाहीत." तो ओशाळून हसला. "आणि वात... मला वळताच येत नाही. ती फुलवातसुद्धा पाकिटातली होती."

"वात वळता येत नाही आणि रोमन देवघर उभारायला निघालात! काय माणूस आहात!"

"म्हणून तर विचारतोय..."

असा तो रविवारी ओजिमाच्या आमच्या स्वयंपाकघरात आला. भर दुपारी पडदे ओढले, खिडकी जराशी किलकिली ठेवली, वारा अडवायला खोक्यांचे पुठ्ठे उभे केले. मी कापूस घेऊन तळहातावर वात वळायला बसले.

"कुठे शिकलात?"

"आईने एका चातुर्मासात लक्ष वाती वळल्या. मला शेजारी बसवून घ्यायची."

"लाख?"

"पाचशे माझ्या. त्यातल्या साडेचारशे आईने उसवून पुन्हा वळल्या."

"म्हणजे चुका काढणं घराण्यातलंच आहे!"

मी डोळे वटारले. मला राग आला नव्हता, हे त्याला कळलं होतं. मेला हसत होता.

पणतीत ऑलिव्हचं तेल घातलं, वात लावली. ज्योत डुलली, टोकाला काजळी धरली. अगदी हवी तशी! आवाजही टिपायचा होता, त्यामुळे बारा मिनिटं बोलायचं नाही. विभाला शिंकायचीही बंदी. टेबलाच्या अलीकडे मी, पलीकडे तो, मध्ये ती एवढीशी ज्योत. दोघंही जपून श्वास घेत होतो. बाहेर पाऊस लागला होता. त्याच्या पापण्या इतक्या लांब आहेत हे मला तेव्हा दिसलं, आणि त्यात काढायला एकही चूक सापडेना.

माझी एक बट सुटून पुढे आली. त्याने बोटाने खुणावलं. मला कळलं नाही. मग त्याने हात लांब केला आणि... ती बट हळूच माझ्या कानामागे सारली.

ज्योत हलली. तिच्या दिशेने कुणीतरी श्वास सोडला होता. तो माझाच होता.

"आता तेवढं कापावं लागेल," नंतर मी म्हटलं.

"हो ना," तो म्हणाला.

त्याने कापलं नाही! पुढच्या शनिवारी मी देवघरासमोर उभी होते. बूट काढूनच, आता लाज कसली? ज्योत डुलत होती, आणि आठव्या मिनिटाला अचानक एका बाजूला कलली. सगळे जपानी लोक "ओऽ" म्हणाले. ती का कलते, हे अख्ख्या तोक्योत दोनच माणसांना माहीत होतं. तीन म्हणा, विभाने सगळं पाहिलं होतं.

मग दर शनिवारी जायचं मला व्यसनच लागलं. दर वेळी कार्डावर एक नवी तक्रार आणि शेजारी एक नवं उत्तर. 'हौदातल्या पाण्याचा आवाज नळासारखा वाटतो.' 'नळच आहे. सातो-सानच्या घरचा.' सुटल्यावर आम्ही कालव्याकाठी कोन्बिनीतली, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानातली, कॉफी घेऊन फिरत असू. आम्ही केव्हा अहोजाहोवरून अरेतुरेवर आलो, आठवत नाही.

शेवटून दुसऱ्या शनिवारी तो म्हणाला, "प्रदर्शन फुकुओकाला जातंय. आठ महिने. दिव्याबरोबर मीही."

मी कॉफीचा कप कठड्यावर ठेवला.

"मग पुढे?"

"मग सप्पोरो असेल, कदाचित... विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर. असल्या माणसाने कुणाला काय विचारावं?"

तो कालव्याकडे बघत राहिला. मी काहीतरी बोलायला हवं होतं. नुसतं 'विचार की' एवढं जरी म्हटलं असतं! पण माझी जीभ काय म्हणाली? "त्या रोमन घराच्या अंगणातल्या तिसऱ्या खांबाची सावली उलटी पडते."

"बरं," तो म्हणाला. "बघतो."

घरी येऊन मी उशीत तोंड खुपसून रडले. विभा म्हणाली, "चूक सापडली का आज? तूच आहेस ती."

शेवटचा दिवस. पाऊस ओसरून लख्ख ऊन पडलं होतं. तो आत सामानाच्या याद्या करत होता, दिसलाच नाही. मी कार्ड घेतलं. आज पहिल्यांदा मराठीत लिहिलं. 'आवडलेली गोष्ट' हा रकाना सहा आठवडे कोरा होता. त्यात लिहिलं: 'आठव्या मिनिटाला ज्योत हलते, ती. आणि ज्याच्यामुळे हलते, तो.' 'सुधारणा'खाली लिहिलं: 'फुकुओका फार लांब आहे. कृपया तपासावं.' समाधानाच्या पायऱ्या तशाच सोडल्या.

कार्ड पेटीत टाकलं, आणि मग मला घाम फुटला. मीटिंगमध्ये ते सगळ्यांसमोर वाचलं जाणार! मी केसातली पिन काढून पेटीच्या फटीत घालत होते, तेवढ्यात सातो-सान आल्या. त्यांनी पिनेकडे पाहिलंच नाही. वाकून म्हणाल्या, "आज शेवटचा दिवस, त्यामुळे फळ्यावर उत्तर लावता येणार नाही. मनापासून क्षमा असावी." आणि पेटी उचलून आत गेल्या.

मी बाकावर बसून राहिले. पाच वाजले. प्रकाश मालवला, फळा उतरवायला माणसं आली. फळ्यावर आमची सगळी कार्डं होती. त्यांनी टाचण्या काढल्या, एकेक कार्ड खोक्यात ठेवलं. मला ते बघवेना.

दार उघडलं. तो आला. कान लालबुंद.

"सगळ्यांसमोर भाषांतर करायला लावलं मला," तो म्हणाला.

"मग... काय सांगितलंस?"

"म्हटलं, ग्राहकाला दिवा आवडला. साहेब म्हणाले, एवढंच? दोन ओळी दिसतायत. मग सातो-सान म्हणाल्या, दुसरी ओळ त्याच्या कानांवर लिहिली आहे."

मी तोंड लपवलं. त्याने एक कार्ड पुढे केलं. ठरलेल्या नमुन्यातलं उत्तर होतं, पण अख्खं मराठीत:

'आपल्या अमूल्य अभिप्रायाबद्दल आभारी आहोत. तपासलं. फुकुओका जवळ आणणं आमच्या हातात नाही. तथापि संबंधित कर्मचारी दर दुसऱ्या शनिवारी तोक्योला हजर राहील. त्याचं आपल्यावर प्रेम आहे, हे आधीच न कळवल्याबद्दल तो दिलगीर आहे. कायमच्या सुधारणेसाठी आपल्या आईवडिलांशी केव्हा बोलावं, ते कळवावं.'

"हे लिहायला एवढे दिवस?" मी म्हटलं.

"तुझी तक्रार आल्याशिवाय आमच्याकडे कारवाई होत नाही."

दुसऱ्या हातात त्याने माझं कार्ड धरलं होतं. मी ते घेतलं, त्याच्या खिशातलं पेन काढलं आणि सगळ्यात वरच्या पायरीला, 'अतिशय समाधानी'ला, मोठ्ठा गोल केला. तो इतका हसला, की फळा उतरवणारी माणसंही थांबून बघू लागली.

पण जित्याची खोड! त्याच्या उत्तरातलं 'दुसऱ्या' मी खोडलं, आणि दर शनिवारी म्हणजे दर शनिवारी, असं त्याला बजावलं.