डावीकडची सीट

तुझ्या गाडीच्या स्प्रिंगा उद्या सकाळी बदलू. दोन इंच उंची पुरे. तीन नको, वळणावर बोटीसारखी डुलते मग. बसा आता. पोरी, ते शटर अर्धं ओढ, वारा येतोय. आणि तो दिवा राहू दे बंद. बॅटरी नवी आहे म्हणून जाळायची नसते.

तुम्ही भावंडं रविवारी डोंगरामागच्या वाटेनं जाणार म्हणताय, म्हणून सांगतो. एरवी मी हे कुणाला सांगत नाही. ज्याच्या बाबतीत घडलं तो माणूस अजून आपल्या गॅरेजात येतो. जनावरांचा डॉक्टर. हो, तोच, हिरव्या छोट्या जीपवाला.

ती गाडी काही डॉक्टरनं एकट्यानं उभी नाही केली. त्याचा धाकटा भाऊ होता, टेलिफोन खात्यात. दोघांनी मिळून घेतली. सहा वर्षं वापरलेली, चारी चाकांना जोर जाणारी, एवढीशी. दर रविवारी दोघं इथं हजर. स्प्रिंगा बदलल्या, जाड नक्षीचे टायर घातले, पोटाखाली पत्रा ठोकला, रुतली तर ओढून काढायला पुढं दोरखंडाची विंच बसवली. मागची सीट काढून औषधांचे खण केले. आठवडाभर डॉक्टर त्याच गाडीतून दवाखान्यात जायचा, भाजी आणायचा, बायकोला स्टेशनवर सोडायचा. ती वैतागायची, म्हणायची, "ह्या गाडीत चढायला मला शिडी द्या आधी." आणि रविवारी संध्याकाळी दोघं भाऊ चिखलात.

चालवायचा डॉक्टर. धाकटा डावीकडं. अवघड जागा आली की धाकटा उतरून पुढं उभा राहायचा आणि हातानं वाट दाखवायचा. गाडी उंच केली की बॉनेटच्या पलीकडचं डावं चाक ड्रायव्हरला दिसतच नाही, म्हणून कुणीतरी लागतं. आणि दाखवायचा कसा, तर बोंबलत! "दादा, डावीकडं! डावीकडं म्हटलं की डावीकडं! तुला लायसन कुणी दिलं रे, म्हशीनं?" डोंगराच्या पलीकडं ऐकू जायचं.

धाकटा मार्चमध्ये गेला. गाडीत नाही, डोंगरावर नाही. ऑफिसात खुर्चीवर बसल्या बसल्या. एकेचाळीस वर्षांचा होता.

डॉक्टर रडला नाही. चौथ्या दिवशी दवाखाना उघडला. सातव्या दिवशी ऑइल बदलायला माझ्याकडं आला. मी चहा दिला. तो म्हणाला, "मला काही वाटतच नाही हो, मिस्त्री. दाढ काढायच्या आधी इंजेक्शन देतात ना, तसं झालंय. गालाला हात लावला तर दुसऱ्याचाच गाल वाटतो." मी म्हटलं, उतरेल हळूहळू. तो म्हणाला, "उतरू नये असंच वाटतं."

मार्च ते नोव्हेंबर, तसाच. जेवायचा, हसायच्या जागी हसायचा. गाडी चालवायचा.

एकोणीस नोव्हेंबर. मंगळवार होता. रात्री अकरा चाळीसला त्याला फोन आला. डोंगरापलीकडचा गवळी. गाय संध्याकाळपासून अडलीय, वासराचा एक पाय बाहेर, दुसरा आत. डांबरी रस्त्यानं गेलं तर दोन तास. डोंगरावरून गेलं तर एक. डॉक्टरनं बायकोला उठवून सांगितलं, ती म्हणाली, "फोन चालू ठेवा." बॅग टाकली, निघाला.

खाली चांदणं होतं. वर चढला तसं धुकं आलं. पिवळे दिवे लावले तरी दहा पावलांपलीकडं काही नाही. पण वाट पाठ होती त्याची.

वर एक जागा आहे. तुम्हाला रविवारी लागेल. उजवीकडं कातळ, डावीकडं दरी, आणि मधली वाट पावसानं खचलेली. तिथं धाकटा नेहमी उतरायचा.

डॉक्टर थांबला. घड्याळात बारा बावन्न.

खरं तर उतरून, टॉर्च मारून बघायला हवं होतं. मी नंतर विचारलं, का नाही उतरलात? म्हणाला, "कंटाळा आला." बस, एवढंच. कंटाळा आला.

त्यानं गिअर टाकला.

आणि समोर... माणूस.

दिव्याच्या उजेडाच्या अगदी कडेला. धुक्यात चेहरा दिसत नव्हता. उंची धाकट्याएवढीच. एक खांदा त्याच्यासारखाच थोडा उतरलेला. उजवा हात वर, बोटं हलवत होता... ये... ये...

डॉक्टरला भीती वाटली नाही. आनंदही नाही. तो म्हणाला, "मला वाटलं, हां, आला उतरून." इतकं साधं. जसं रोजच उतरतो.

गाडी हळूहळू पुढं निघाली.

त्या माणसानं हात डावीकडं केला. डॉक्टरनं स्टिअरिंग डावीकडं घेतलं.

आणखी डावीकडं.

आणखी घेतलं.

टायरखाली दगड वाजत होते. मग वाजायचे थांबले. खाली मऊ लागलं. माती.

समोरचा हात हलतच होता. ये... ये...

एक शब्द नाही. अरे, ज्याच्या बोंबलण्यानं पाखरं उडायची... तो गप्प. पण हे डॉक्टरला तेव्हा सुचलं नाही.

ये...

आणि डाव्या कानाशी... अगदी जवळून... वैतागलेला आवाज.

"दादा. कुणाकडं बघतोयस? मी इथं बसलोय."

...

त्यानं ब्रेक दाबला.

गाडीखालून माती सुटली. दगड गेले खाली. आवाज यायला... वेळ लागला.

समोर कुणी नव्हतं. नुसतं धुकं.

तो बसून राहिला. किती वेळ ते त्याला माहीत नाही. गाडीत काहीच आवाज नव्हता. इंजिनाचा सोडून. मग त्यानं मागचा गिअर टाकला. सरळ मागं पाहून, उजव्या आरशात पाहून, इंच इंच मागं आला. मग उतरला, टॉर्च मारला, कातळाला घासून गाडी काढली आणि पलीकडं गेला. आरसा मोडला त्यात.

गवळ्याकडं दोनला पोचला. गाय वाचली. वासरूही वाचलं.

सकाळी साडेसातला तो इथं माझ्यापुढं उभा होता. नखांत अजून रक्त. हे सगळं त्यानं मला कसं सांगितलं म्हणता? औषधाची चिठ्ठी वाचून दाखवावी तसं. कुठं आवाज चढला नाही की पडला नाही.

मी विचारलं, "मग डावीकडं बघितलंत?"

"नाही."

"का हो?"

त्यानं नखातलं रक्त कोरून काढलं. मग म्हणाला, "बघितलं असतं आणि सीट रिकामी असती, तर?"

मी आरसा बदलला. खाली झोपून सगळं तपासलं, पत्रा, सांधे, स्प्रिंगा. कुठं काही तुटलं नव्हतं. पुढच्या दोन्ही चाकांवरची उंची टेपनं मोजली. दोन्हीकडं सारखी. गाडी सपाट उभी.

म्हटलं, जा आता घरी, झोपा.

तो उजवीकडून चढला. गाडी उजवीकडं जराशी दबली. दबणारच, माणूस बसला.

मी डावीकडं उभा होतो. दार बंद. काच वर. खिडकीच्या कडेवर माझा हात टेकलेला.

त्यानं किल्ली लावली, पण फिरवली नाही. पट्टा बांधला. समोर बघत बसला. थांबला. आपण कुणी बसेपर्यंत थांबतो ना... तसा.

आणि माझ्या हाताखाली...

गाडी डावीकडं दबली.

हळूच. दोन बोटं.

स्प्रिंग कुरकुरली.

मग डॉक्टरनं किल्ली फिरवली.