चिंचेखालचे कुलूप

श्रीपादकाकांची पांढरी मोटार खरवईच्या चिंचेखाली उभी केली की तिच्या चारही दारांना आपोआप कुलूप बसे. अंबरनाथला घराखाली ती रात्रभर उभी असे, तेव्हा बसत नसे. कंपनीच्या आवारात दिवसभर उभी असे, तेव्हाही बसत नसे. चिंचेखाली मात्र अक्षय्य तृतीयेपासून हे तीनदा घडले होते, आणि तिन्ही वेळा किल्ली आत राहिली होती.

चौथ्यांदा घडले तेव्हा मालिनी दहा पावलांवर उभी होती.

"पुन्हा!" काका किंचाळले. त्यांनी दाराची मूठ खेचली, मग मागच्या दाराची, मग पलीकडच्या दोन्ही दारांची. आत किल्ली लोंबत होती आणि टेपवर भजन मोठ्याने चालू होते. मोटार थांबवल्यावरही काका टेप बंद करीत नसत, कारण मग तो नवा टेप आसपासच्या लोकांना ऐकू गेला नसता.

"मधू, धाव! स्टेशनवरून लोकल पकड आणि आईच्या कपाटातली दुसरी किल्ली घेऊन ये!"

"बाबा, ती किल्ली आता इथेच एखाद्या वीटभट्टीत पुरून ठेवू या का?" मधू म्हणाला. "दर वेळी अंबरनाथला जाऊन येण्यापेक्षा बरं!"

"तोंड चालवू नकोस!"

मालिनी बदलापूरला राही. सुट्टीसाठी तिचा चुलतभाऊ मधू आणि त्याची धाकटी बहीण कुंदा तिच्याकडे आली होती. काकांनी बदलापूरजवळच खरवईला बांधकाम चालू असलेल्या इमारतीत घर घेतले होते, आणि ते दर दोन दिवसांनी काम पाहायला येत. काम त्यांना पाहून पुढे सरकत नसे, हा भाग वेगळा.

मोटारीला 'सेंट्रल लॉकिंग' अक्षय्य तृतीयेलाच बसवलेले होते. चालकाच्या दारावरची खुंटी दाबली की बाकीच्या तीन दारांच्या खुंट्याही 'खट्' करून खाली जात. प्रत्येक दारात एक छोटी मोटर होती आणि स्टिअरिंगखालच्या डबीतून तिला हुकूम मिळे. काकांनी ही करामत अंबरनाथमधल्या झाडून साऱ्या परिचितांना दाखवली होती. ती कशी चालते हे मात्र त्यांनी कोणालाच सांगितले नव्हते, कारण ते त्यांनाही ठाऊक नव्हते.

काका रसायनशास्त्राचे पदवीधर होते. त्या पदवीने त्यांच्या विचारांत आजवर कसलीही ढवळाढवळ केली नव्हती. पहिल्यांदा कुलूप बसले तेव्हा त्यांनी बंपरला लिंबू-मिरची टांगली. पुढच्याच फेरीत कुलूप पुन्हा बसले. यावरून लिंबू निरुपयोगी आहे, असा निष्कर्ष निघतो. काकांनी अधिक मोठे लिंबू आणले.

"हे त्या बाईचं काम आहे," काका आता दात-ओठ खात म्हणाले आणि त्यांनी चिंचेच्या बुंध्याकडे बोट दाखवले.

बुंध्याशी नवसी बसली होती. बारवी धरणाच्या बाजूच्या एका पाड्यावरून ती रोज चालत येई आणि करवंदे, जांभळे पळसाच्या द्रोणांत घालून विकी. आज तिची टोपली भरलेली होती आणि वरची करवंदे सुकू लागली होती.

काका मुकादमाकडे गेले तशी मुले तिच्यापाशी जाऊन बसली.

"मावशी, आज काही खपलं नाही?" कुंदाने विचारले.

"कोन घेल, पोरी?" नवसी म्हणाली. "येका दिशी तुजा बापूस बोलला, टोपली उचल. मी बोललू, सावली काय तुमची हाय का? त्याच दिशी गाडीला कुलूप बसला. आता समदी बोलतान, नवसीची नजर वाईट हाय. माज्या हातचा कोन खाईल?"

"पण तुम्ही गाडीकडे बघितलं तरी होतं का?" मालिनीने विचारले.

"गाडीत काय बगायचा हाय? तिला काय करवंदा लागतान?"

मधू खो-खो हसला. पण नवसी हसली नाही. "आयतवारी हे घरमालक ही चिंच तोडनार हायेत, झाडाला बी बादा झाली बोलतान. वाचमन बोलला. झाड गेला का मी बसू कुठं? पावसाच्या आदी ह्याच चार दिस इकायला मिलतान."

मालिनीने चिंचेकडे पाहिले. एवढे मोठे झाड आणि एका बाईचे पोट, दोन्ही गोष्टी एका कुलपापायी जाणार होत्या. आणि ज्यांनी हे ठरवले होते, त्यांच्यापैकी एकानेही मोटारीचे दार नीट उघडून पाहिले नव्हते!

"मधू," ती उठत म्हणाली, "रविवारच्या आत आपण हे शोधून काढायचं."

"कुणाला? भुताला?"

"भूत असतं तर ते अंबरनाथलाही आलं असतं. लोकल आहे की!"

दुसऱ्या दिवशी काका मोटार घेऊन उल्हासनगरला निघाले. तिथल्या एका चिंचोळ्या रस्त्यावर चंदर फिटरचे दुकान होते. लॉकिंग त्यानेच बसवले होते. मुले हट्टाने मागे बसली.

"साहेब, आपलं वायरिंग एकदम टकाटक!" चंदर छाती फुगवून म्हणाला. "माझ्या हातची एक गाडी आजपर्यंत परत आलेली नाय!"

परत आलेली गाडी त्याच्यासमोरच उभी होती.

त्याने खुंटी दाबली, खट्. वर ओढली, खट्. "बघा! चालते की नाय? आता बाहेरचं काय असेल, तर त्याला मी काय करणार?"

काकांना हे ताबडतोब पटले. दुरुस्ती टाळणारा आणि विचार टाळणारा अशा दोन माणसांचे एकमत व्हायला वेळ लागत नाही.

मालिनी मात्र शेजारच्या निळ्या मोटारीकडे पाहत होती. तिचे दार सताड उघडे होते. बिजागऱ्यांजवळ, दार ज्याला टांगलेले असते त्या मोटारीच्या खांबाच्या पत्र्यातल्या भोकातून तारांचा जुडगा निघून दारात शिरत होता, आणि भोकाच्या कडेला काळ्या रबराची कडी बसवलेली होती.

"हे रबर कशाला, चंदरदादा?"

"पत्र्याला धार असते ना, बेबी. दार उघडलं, मिटलं, की वायर घासते. रबर नसलं तर कापून निघेल."

"आमच्या गाडीला आहे ना?"

चंदरने काकांकडे पाहिले. काका रस्त्याकडे पाहू लागले. "सगळ्यांना असतं," चंदर म्हणाला आणि त्याला अचानक पान्हा शोधण्याची घाई झाली.

मालिनीने लगेच काकांच्या मोटारीचे दार उघडले. पण पलीकडे विजेचा खांब होता. दार अर्धेच उघडले आणि बिजागऱ्यांच्या फटीत काळोखाखेरीज काहीही दिसले नाही.

ती तशीच थबकली.

"मधू," ती हळूच म्हणाली, "काका घरी गाडीतून कसे उतरतात?"

"एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला टाकी. टूथपेस्ट नळीतून निघते तसे उतरतात!"

"आणि कंपनीत?"

"तिथेही गाड्या चिकटून लावतात. पोट आत घेऊन!"

"आणि खरवईला?"

"खरवईला?" मधूने हात फैलावले. "खरवईला मंत्री उतरतात तसे! दार सताड, एक पाय बाहेर, आणि..." त्याचे हात हवेतच राहिले. "अगं! दार सताड!"

"हळू बोल!" मालिनीने त्याच्या तोंडावर हात ठेवला. "आत्ता सांगितलं तर काका म्हणतील, लहान तोंडी मोठा घास. सगळ्यांसमोर दाखवायचं. कुंदा, तुला एक काम आहे."

"खायचं?"

"प्यायचं."

कुंदा या मोहिमेत मनापासून सामील झाली.

रविवारी सकाळी चिंचेखाली नव्या घरांचे मालक जमले. कुऱ्हाड घेतलेला माणूस एका बाजूला विडी ओढत बसला होता. सर्वांत वडीलधारे अण्णा; त्यांनी हात वर करून सांगितले, "तोडाच! लेकराबाळांच्या वास्तूपाशी असली अवदसा नको!" बाकीच्यांनी माना डोलावल्या. नवसी टोपलीवर फडके टाकून उभी राहिली होती. तिच्याकडे कोणी पाहत नव्हते. नजरानजर होऊ नये, ही काळजी सगळेच घेत होते.

काकांची मोटार आली, भजनासह. नेहमीच्या जागी आज विटांची एक रास होती. ती तिथे कशी आली, हे मधूच्या लाल झालेल्या तळव्यांवरून कोणालाही कळले असते. पण कोणी पाहिले नाही. काकांना दार अर्धेच उघडता आले. ते कुरकुरत, पोट आत घेऊन बाहेर सरकले आणि त्यांनी दार लोटले. किल्ली आतच होती!

मालिनीने मूठ खेचली. दार उघडले.

"पाहिलंत?" काका आनंदाने ओरडले. "म्हटलं नव्हतं? मोठं लिंबू!"

"कुठलं लिंबू, बाबा?" कुंदाने विचारले.

सर्वांनी बंपरकडे पाहिले. तिथे नुसता दोरा लोंबत होता.

"त्याचं काल सरबत केलं," कुंदा म्हणाली. "छान झालं होतं. मिरच्या नाही घातल्या."

काका वाकून रिकामा दोरा तपासू लागले. मालिनीने ती संधी साधली. "काका, आता गाडी तिकडे माळावर लावा. तिथे चिंच नाही. भजन बंद करा, किल्ली खिशात ठेवा, आणि दार पूर्ण उघडा."

"हा काय पोरखेळ आहे?"

"बघू तर द्या, श्रीपादराव," गर्दीतून कोणी तरी म्हणाले. फुकटची मौज कोणालाही नको नव्हती.

मोटार माळावर गेली. भजन थांबले. काकांनी दार सताड उघडले.

खट्!

चारही खुंट्या खाली गेल्या. कोणीही त्यांना हात लावलेला नव्हता.

"बाप रे!" अण्णा दोन पावले मागे सरले. "हिची नजर इथवर पोचते!"

"मावशी," मालिनीने हाक मारली, "जरा पाठ करून उभ्या राहता का?"

"राह्यते की," नवसी म्हणाली आणि तिने समस्त मंडळींकडे पाठ फिरवली. त्यात तिला थोडे समाधानही वाटले असावे.

मधूने खुंटी वर ओढली. दारे मोकळी झाली. त्याने दार अर्धे उघडले. आवाज नाही. पूर्ण उघडले. खट्! खुंटी वर, दार पुन्हा अर्धे. आवाज नाही. पुन्हा पूर्ण. खट्!

"आता इथे बघा." मालिनी बिजागऱ्यांपाशी वाकली. उघड्या दारामागे खांबातले भोक आता स्वच्छ दिसत होते. त्याला रबर नव्हते. पत्र्याच्या धारेवर तारांचा जुडगा ताणला गेला होता, आणि एका तारेचे तपकिरी वेष्टण कापून आतले तांबे चमकत होते.

"एवढीशी तार?" अण्णा म्हणाले.

"मावशी, पळसाचं एक सुकं पान द्या!"

नवसीने पान दिले. मालिनीने त्याची घडी घालून ती तार आणि पत्रा यांच्यामध्ये सरकवली. मग मधूने खुंटी वर ओढली, तिने दार मिटले आणि पुन्हा सताड उघडले.

आवाज नाही.

तिने पान काढले. तार पत्र्याला टेकली. खट्!

कुऱ्हाडवाल्याने विडी विझवली. "मंग झाड तोडायचा का नाय?" त्याने विचारले. त्या सभेत विचारला गेलेला तो पहिला शहाणपणाचा प्रश्न होता.

"काका," मालिनी म्हणाली, "रबर का नाही बसवलं?"

काकांनी घाम पुसला. "त्या दिवशी चंदरकडे ते संपलं होतं. म्हणाला, गाडी आजची रात्र ठेवा, उद्या रबर येतंय. पण अक्षय्य तृतीयेची पूजा... मुहूर्त टळत होता. मग मीच म्हटलं, राहू दे तुझं रबर, गाडी दे."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?" मधू ओरडला.

"रबराचं माहीत होतं. त्याचा कुलपाशी काही संबंध असेल असं..." काकांनी वाक्य तिथेच सोडले. ते पुरे करण्यासारखे नव्हते.

अण्णांनी मालिनीची पाठ थोपटली. "शाब्बास, पोरी! मला पहिल्यापासून वाटतच होतं की यात काही तरी यांत्रिक बिघाड आहे!" झाडाविरुद्ध वर केलेला हात तोच होता.

"शाब्बासकी राहू द्या, अण्णा," मालिनी म्हणाली. "मावशींची करवंदं आठवडाभर कोणी घेतली नाहीत. काका, तुम्ही त्यांच्या हातची खा. इथे, सगळ्यांसमोर."

काकांनी आजूबाजूला पाहिले. पळून जायला मोटार होती; पण तिच्या चारही दारांच्या खुंट्या खाली होत्या, आणि चालकाच्या उघड्या दारात मधू ठाण मांडून बसला होता. ते नवसीसमोर गेले. तिने द्रोण भरला. काकांनी एक करवंद तोंडात टाकले, मग दुसरे. रसाचा जांभळा ओघळ त्यांच्या अंगातल्या पांढऱ्या सफारी सुटावर उतरला.

"ग्वाड हाय का, सायेब?"

"गोड आहे," काका पुटपुटले. मग सर्वांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले, "चुकलं माझं, बाई. बसा तुम्ही इथेच."

"बगा हां," नवसी म्हणाली, "मंग प्वाट दुकला तं माज्यावर नका घालू!"

पहिली हसली ती कुंदा. मग इतरांनाही हसावे लागले, आणि हसलेल्या माणसाला द्रोण नाकारणे अवघड जाते. टोपली दुपारच्या आत रिकामी झाली. कुऱ्हाडवाला आपला द्रोण घेऊन चिंचेच्या सावलीत बसला.

सोमवारी चंदरने तार बदलली आणि भोकात रबरी कडी बसवली. त्यानंतर मोटारीला चिंचेखाली आपोआप कुलूप बसले नाही.

कारण असे होते: खांबातल्या भोकाला रबर नव्हते, म्हणून पत्र्याच्या धारेने तारेचे वेष्टण कापले गेले. दार पूर्ण उघडले की तार ताणली जाई आणि उघडे तांबे पत्र्याला टेके. खुंटी दाबल्यावर डबीला जो इशारा मिळतो तोच त्या स्पर्शाने मिळे, आणि डबी चारही दारांना कुलूप लावी. भजनाच्या आवाजात ते 'खट्' ऐकू येत नसे. घरी आणि कंपनीत दार पूर्ण उघडण्याइतकी जागा नव्हती. चिंचेखाली होती.