साडेतीन मीटर

भूकंपाच्या माहिती केंद्रात पाहुण्यांना माहिती सांगायला लागून शू छिंगफाला बारा वर्षं झाली होती. एका दालनात त्याच्या हाक्का समाजाच्या घरांतले निळे अंगरखे आणि कुटून केलेला चहा, दुसऱ्यात काचेखाली जमिनीची भेग. त्या दिवशी सकाळी वानमेई मावशी पहिल्यांदाच केंद्र बघायला आली. ऐंशी उलटलेली, पण जीभ शाबूत.

"सख्ख्या मावशीकडूनही तिकीट घेणार का रे?"

तो हसला आणि नेहमीचं सांगू लागला, "भेगेपलीकडची जमीन साडेतीन मीटर सरकली. कुंपण, बांध, ते कापराचं झाड, सगळं."

"झाडसुद्धा?"

"हो, ते आधी..." त्याचं वाक्य तिथंच राहिलं.

त्याची आई भूकंपाच्या सात वर्षं आधी गेली होती. पुरलेल्या माणसाच्या अस्थी काही वर्षांनी वर काढायच्या, पुसायच्या, कुंभात घालून घराण्याच्या समाधीत ठेवायच्या, ही त्यांची रीत. पण भूकंपात तिच्या थडग्याचा दगड दरडीखाली गेला. छिंगफानं कापराच्या झाडापासून दफनाच्या वेळी मोजलेली अकरा पावलं टाकत, भेग ओलांडून अलीकडं येऊन खणलं. जुनं दफनस्थान ते. अस्थी मिळाल्या. पण झाड साडेतीन मीटर सरकलेलं आणि थडगं भेगेच्या अलीकडं, जागच्या जागी.

"मग वीस-बावीस वर्षं आपण समाधीत जेवू कुणाला घालतोय?" मावशीनं हळूच विचारलं.

त्यानं नकाशावर पट्टी ठेवली. खरी जागा केंद्राच्या आतच निघाली, भूकंपाचा अनुभव देणाऱ्या हलत्या फरशीखाली. दिवसातून वीसदा तो स्वतः ती चालू करायचा. वर शाळेच्या पोरी किंचाळायच्या.

"फरशी फोडून घेईन," तो म्हणाला. "आईला घरी आणायचं. पण खात्री हवी."

दुपारी केंद्र जेवणासाठी बंद झालं. यंत्र बंद होतं. हलत्या फरशीच्या खोलीत ओल्या मातीचा वास होता, रोज नसायचा. मावशीनं पिशवीतून कौल लावायचे, एका बाजूनं सपाट नि दुसरीनं फुगीर असे दोन लाकडी तुकडे काढले.

"ताई... तू इथं आहेस?"

एक सपाट वर, एक फुगीर वर. म्हणजे हो. तीनदा टाकले, तीनदा हो.

मावशीनं फरशीवर तळवा टेकला.

मग दोघं टेकडीवरच्या समाधीत गेली. छिंगफा कुंभासमोर गुडघे टेकून बसला. "तू... आमची आई आहेस?"

हो. हो. हो.

"मावशी, आता?"

"विचार, मग त्या फरशीखाली कोण आहे."

"कौल हो-नाहीच सांगतो ना."

"विचार तू."

त्यानं विचारलं. तुकडे दगडावर आपटले आणि दोन्ही सपाट बाजू वर करून पडले. मावशीनं ते उचलले नाहीत. त्याचा हात घट्ट धरून ती मागे सरकू लागली. असा कौल पडला की त्यांच्यात म्हणतात, समोरचा हसतोय.