निंबाचा पाला

धुळ्यात देवपूरला माझं कॉफीचं दुकान आहे, आणि योगराजनं पहिल्याच दिवशी तिथं बसून चहा मागितला. मिळत नाही म्हटल्यावर हसला. पिशवीतून कॉफीच्या बियांची पुरचुंडी काढून म्हणाला, "पिकवतो ही... पण आवडतो चहाच."

असल्या माणसावर कोण भाळतं? मी भाळले.

शिरपूरच्या वर सातपुड्यात, त्याच्या गावातल्या अकरा घरांनी आंब्याच्या सावलीत कॉफी लावली होती. यंदा पहिलं पीक. दर गुरुवारी तो नमुना आणायचा. नमुना मूठभर, गप्पा पोतंभर. बुधवारपासूनच माझं चित्त ठिकाणावर नसायचं. एकाच कपात दोनदा साखर पडायची.

मार्चमध्ये त्यानं भरलेल्या पोत्यांतला नमुना आणला. मी पसंत केला तर अकरा घरांची कॉफी माझ्या दुकानात. नाहीतर लोक झाडं तोडणार आणि तो नरडाण्याला कंपनीत जाणार. मी घोट घेतला. जिभेवर कडू, हिरवट काहीतरी रेंगाळलं. तो माझ्या तोंडाकडे बघत होता. खोटं अगदी ओठांवर आलं होतं...

"नाही जमली," मी म्हणाले.

तो पिशवी उचलून निघून गेला. पुढचा गुरुवार कोरडा गेला, त्याच्या पुढचाही. रस्त्यावर मोटरसायकल थांबली की मी दाराकडे धावायचे. त्याचा राग यायचा, त्याहून जास्त माझ्या जिभेचा.

तिसऱ्या गुरुवारी दुकानाला कुलूप लावलं आणि शिरपूरची एसटी पकडली. पुढे जीपनं वर पोचले, तर ओट्यावर योगराजची बॅग भरलेली. सोमवारी त्याला कामावर हजर व्हायचं होतं. त्याच्या आईनं, सुगंधाबाईंनी, मला पोती दाखवली. एकाचं तोंड सोडून हात घातला, तर हाताला वाळका कडुनिंब लागला.

"बठ्ठा पोतासमा टाकेल शे माय," त्या कौतुकानं म्हणाल्या. "दादरले टोका पडतस, मंग हाईले बी पडतीन."

ज्वारीला कीड लागू नये म्हणून ते चालतं. कॉफी शेजारचा वास ओढून घेते, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. मीही नाही.

"पाला न घातलेली आहे का थोडी?"

योगराज घुटमळला. मग फळीवरून घट्ट झाकणाचा डबा काढला. चुलीवर तव्यात भाजली, कुटली, उकळली. पहिल्या घोटाला गुळाची आठवण झाली. माझे डोळे भरून आले.

"हा डबा का नाही आणलास?"

"तो विकायचा नव्हता," तो खाली बघत म्हणाला. "तू कधी वर आलीस तर... तुला पाजायचा होता."

"यंदाची पोती गेली. झाडं नाही जायची," मी म्हणाले. "पुढच्या तोडणीला मी इथं असेन. पण तू नरडाण्याला गेलास, तर मी गुरुवारी कुणाची वाट बघू? माझं प्रेम आहे तुझ्यावर, योगराज."

त्यानं दुसऱ्या कपात स्वतःला कॉफी ओतून घेतली, सावकाश संपवली. मग बॅगेची चेन उघडून एकेक शर्ट परत खुंटीला टांगू लागला.